सहाणेवरची गोळी

शशिकांत पोंक्षेचं एक गुपित होतं. बाईचं नव्हे, बाटलीचंही नव्हे. तसलं काही असतं तर दबक्या आवाजात सांगताना निदान थोडा रुबाब तरी पडला असता. गुपित एवढंच, की शशिकांतला गोळी गिळता येत नसे. आता हे एखाद्या मास्तराचं किंवा पोस्टातल्या कारकुनाचं गुपित असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण शशिकांत होता मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. गळ्यात टाय, हातात काळी बॅग, बुडाखाली लुना, आणि उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या साठ-सत्तर डॉक्टरांना गोळ्यांचे गुण सांगत फिरायचं, हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा.

सुरुवात पाचव्या वर्षी झाली. हिवताप आला, डॉक्टरांनी भलीमोठी पांढरी गोळी दिली, ती घशात अडकली आणि पोरगं निळं पडलं. कुमुदिनीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याला उलटं धरून पाठीत असे काही धपाटे घातले की गोळी बाहेर येऊन समोरच्या भिंतीवर आपटली. त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरची सहाण खाली काढली. शशीला तान्हेपणी जायफळ, वेखंड, हळकुंड उगाळून गुटी दिली होती, तीच ही सहाण. तेव्हापासून त्या घरात शशीसाठी आलेली प्रत्येक गोळी सहाणेवर उगाळली जाऊन मधातूनच त्याच्या पोटात गेली. वडील वारले, शशी ग्रॅज्युएट झाला, टाय बांधायला लागला, एकोणतिसावं लागलं, तरी साध्या तापाची गोळीसुद्धा आई उगाळायची आणि हा घोडा बोट चाटायचा.

लग्नाची स्थळं येत होती. कुमुदिनीबाई प्रत्येकीत खोट काढत होत्या. बदलापूरच्या एकीचं नाक, दुसरीचं गाव, तिसरीच्या आईचं बोलणं. अंबरनाथ पूर्वेतल्या त्यांच्या सोसायटीत बायका म्हणायच्या, मुलगा मोठा साहेब आहे ना, म्हणून भाव खाते. 

एकोणनव्वद साली कंपनीने शशिकांतच्या गळ्यात एक नवी गोळी बांधली. नाव शोथोझाइम. एन्झाइमची गोळी, ऑपरेशननंतर किंवा दाढ काढल्यावर येणारी सूज लवकर उतरवणं हे तिचं काम. गुलाबी, चकचकीत, सोललेल्या शेंगदाण्याएवढी. तिची सगळी करामत त्या गुलाबी कवचात होती. आतलं औषध फार नाजूक, जठरातल्या आम्लात पडलं की जागच्या जागी खलास. म्हणून वरून असं कवच, की जे जठरात टिकतं आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. हे समजावायला कंपनीने रंगीत चित्रांची जाडजूड वही दिली होती. तिच्या तिसऱ्या पानावर हातपाय असलेली एक गोळी, हातात छत्री घेऊन, आम्लाच्या पावसातून चाललेली. चौथ्या पानावर ती आतड्यात पोचते, छत्री मिटते आणि कामाला लागते.

शशिकांत ते पान उघडून म्हणायचा, "सर, छत्री महत्त्वाची. म्हणून गोळी अख्खी गिळायची. रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास. चावायची नाही, फोडायची नाही, कुटायची नाही." हे तो इतक्या तळमळीने सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या गोळ्या गिळण्याचाच रिवाज असणार.

बदलापुरात शोथोझाइम चालली, अंबरनाथमध्ये बरी चालली, उल्हासनगरात मात्र ती ढिम्म हलेना. कारण उल्हासनगरात दाढा काढायच्या त्या कॅम्प पाच नावाच्या वस्तीतल्या डॉक्टर टेकचंद यांनीच. सकाळपासून दुपारपर्यंत दहा-बारा दाढा सहज. हात असा हलका की लोक कल्याणहून येत. डॉक्टर टेकचंद शशिकांतला खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे, फुकटची सॅम्पलं हसत हसत ठेवून घ्यायचे आणि पेशंटांना वाटूनही टाकायचे. पण चिठ्ठीवर शोथोझाइम लिहायचं नाव नाही.

"साईं, तुझी गोळी मी दहा लोकांना दिली," ते एकदा म्हणाले. "नऊ लोक परत आले, तोंड असं, पुरीसारखं फुगलेलं. आता मी काय समजायचं? गोळी बनते कुठे? इथे कॅम्प दोनमध्ये, नकली मालवाल्यांकडे तर नाही ना?"

"सर, बेंगलोरला प्लांट आहे."

"मग बेंगलोरवाल्यांना सांग, दाढ काढून घ्या आणि खाऊन बघा."

इकडे एरिया मॅनेजरने महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं, "पोंक्षे, ह्या महिनाअखेर टेकचंदच्या चिठ्ठ्या दिसल्या नाहीत, तर पुढच्या मीटिंगला सॅम्पलची बॅग जमा करायला या." शशिकांतने मान डोलावली. ती डोलावताना त्याच्या उजव्या गालात एक कळ गेली, आणि त्याच्या लक्षात आलं की ही कळ चार दिवसांपासून जातेय.

पुढचा प्रकार कॅम्प पाचमध्ये झाला. शशिकांत तिसरं पान उघडून छत्रीपर्यंत आला आणि गाल धरून थांबला. डॉक्टर टेकचंदनी बॅटरी घेतली, त्याचं तोंड उघडून आत पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद पसरला.

"अक्कलदाढ. आडवी आहे. हाड थोडं कापावं लागेल. वा, साईं, वा."

"सर, महिनाअखेर झाल्यावर..."

"महिनाअखेर कशाला? गुरुवारी ये. मी काढतो, फी नाही घेणार. तू तुझी गोळी खा. आणि सोमवारी मला तोंड दाखव. सूज उतरली असेल, तर त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक दाढेला शोथोझाइम. नाही उतरली, तर हे छत्रीचं पुस्तक परत माझ्यासमोर उघडायचं नाही. बोल, कबूल?"

शशिकांत कबूल म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला? आपल्या मालावर विश्वास नसलेला विक्रेता आणि स्वतःची बिर्याणी न खाणारा खानसामा, दोघांकडे लोक सारख्याच नजरेने बघतात. गोळी कशी गिळायची, हा प्रश्न त्याने गुरुवारवर टाकला.

गुरुवारी त्याच्या आधी खुर्चीत एक बाई होती. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची, देऊ तिचं नाव. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. रोज टोपलीभर काकड्या, शिराळी घेऊन कॅम्प पाचच्या बाजारात दवाखान्यासमोरच बसायची. तिचीही खालची अक्कलदाढ, तीही आडवी. टोपली तिने दवाखान्याच्या पायरीवर ठेवली होती आणि दाढ निघेपर्यंत तिचा एक डोळा डॉक्टरांच्या पकडीवर आणि एक टोपलीवर होता. डॉक्टरांनी तिला शशिकांतच्याच सॅम्पलमधल्या दोन पट्ट्या दिल्या आणि सांगितलं, "जेवायच्या आधी. पूरी गिळायची." देऊने पट्ट्या कनवटीला खोचल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि समोर जाऊन काकड्या विकायला बसली.

शशिकांतची दाढ निघायला पाऊण तास लागला. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांची निघालीय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांची नाही त्यांना उगाच कशाला घाबरवा? तो टाके घेऊन, गालात कापसाचा बोळा धरून, लुना अगदी हळू चालवत घरी आला. संध्याकाळी बोळा काढला तेव्हा जबडा असा आखडला होता की तोंडात एक बोट जेमतेम जाईल.

कुमुदिनीबाईंनी मऊ भात करून ठेवला होता. आणि शेजारी सहाण.

शशिकांतने खुणेने नको म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, गुलाबी गोळी जिभेवर ठेवली, मान मागे टाकली आणि तांब्याभर पाणी प्याला. पाणी गेलं. गोळी जिभेवरच, हट्टी पाहुण्यासारखी बसून राहिली. पुन्हा पाणी. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती घशापर्यंत गेली, आणि पाचव्या वर्षीची ती भिंत, तो पांढरा ठिपका, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. ठसका लागला, टाके ताणले गेले, डोळ्यांतून पाणी आलं. गोळी वॉशबेसिनमध्ये पडून त्याच्याकडे बघत राहिली. मग केळ्यातून घालून पाहिली. केळं गेलं, गोळी राहिली.

आई बाहेरून म्हणाली, "शशी, उघड बघू दार. तो जीव कशाला काढतोयस?"

"आई, ही उगाळायची नसते," तो बाहेर येऊन, न उघडणाऱ्या तोंडाने शक्य तितकं स्पष्ट म्हणाला. "हिच्यावर कवच असतं. कंपनी सांगते."

"तुझ्या कंपनीला तुझा घसा ठाऊक आहे का?" कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी सहाणेवर दोन थेंब पाणी टाकलं.

शशिकांत पाहत राहिला. आधी गुलाबी रंग सहाणेवर उतरला, मग आतली पिवळट पूड. छत्री गेली, छत्रीवालाही गेला. पाचशे वेळा सांगितलेलं त्याला अक्षरन् अक्षर पाठ होतं. तरी त्याने स्वतःची समजूत घातली, की शेवटी पोटातच जायचंय ना. थोडं आम्लात मरेल, थोडं उरेल. माणूस दुसऱ्याला पटवायला चित्रांची वही वापरतो, स्वतःला पटवायला त्याला काहीच लागत नाही. त्याने आईच्या बोटावरचा मध चाटला. कडू होता, आणि जिभेला चरचरलं.

शुक्रवारी गाल पुरीएवढा झाला. शनिवारी भटुऱ्याएवढा. रविवारी डोळ्याची कडसुद्धा आत गेली आणि जिभेचं टोक सोलल्यासारखं झालं. कुमुदिनीबाई दिवसातून तीनदा नेमाने उगाळत होत्या. अँटिबायोटिकची कॅप्सूल उघडून, दुखण्याची गोळी उगाळून, शोथोझाइम उगाळून. वेळ चुकवत नव्हत्या, हात दुखला तरी थांबत नव्हत्या. शशिकांत आरशासमोर उभा राहून सोमवारची वाक्यं जुळवत होता. ऊन फार होतं सर. माझी प्रकृतीच अशी सर. प्रत्येक वाक्यानंतर आरशातला गाल त्याच्याकडे बघून नाही म्हणत होता.

सोमवारी दवाखान्यात बाकावर सहा-सात पेशंट होते. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता हिरवा पडदा. त्यामुळे आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं आणि बाहेरचे लोक ते मन लावून ऐकायचे. शशिकांत पडदा सारून आत गेला. डॉक्टर टेकचंदनी त्याचा गाल पाहिला. मग ते खुर्चीवर मागे रेलले आणि दोन्ही हात डोक्यामागे घेतले.

"सर," शशिकांत म्हणाला.

"बस, साईं. पुस्तक आणलंय? आणलं असेल तर घरी ठेव. पोरांना रंगवायला होईल."

तेवढ्यात पडद्यातून देऊ आत आली. टाके दाखवायला बोलावली होती. टोपली तिने पडद्याबाहेर ठेवली, पण पडदा टोपली दिसेल इतका उघडा राहू दिला. डॉक्टरांनी तिचा गाल पाहिला, दाबून पाहिला, दुसऱ्या गालाशी ताडून पाहिला. दोन्ही गाल सारखे. तोंड उघडायला सांगितलं तर तिने दोन बोटं सहज जातील एवढं उघडलं.

शशिकांतच्या जिवात जीव आला. "सर, ह्यांनी पण शोथोझाइमच घेतली. त्याच दिवशी. तुमच्याच हातून. बघा सर."

"बघतो ना," डॉक्टर म्हणाले. "एकच दिवस, एकच दाढ, एकच हात, एकच गोळी. ही बघ आणि तू बघ. आता मला सांग, गोळी खरी की खोटी? ही बाई चाळीस किलो डोक्यावर घेऊन चालते. तिचा गाल बिना गोळीचा पण उतरला असता. पण तू? टाय लावून सावलीत बसलास, टायमावर गोळी खाल्लीस, आणि तुझा गाल हा. तुझ्या गालाला जबाब आहे काय?"

जबाब होता. पण तो दिला तर सबंध उल्हासनगरात पोंक्षेचं हसं होणार होतं, आणि नाही दिला तर महिनाअखेर बॅग जमा होणार होती. पडद्याबाहेर बाकावरचे लोक खोकायचेसुद्धा थांबले होते. शशिकांतने टायची गाठ सैल केली.

"सर, मी गोळी गिळली नाही. मला गिळता येत नाही. लहानपणापासून. आई सहाणेवर उगाळून देते."

"काय करून देते?"

"उगाळून. मधातून."

आधी डॉक्टर हसले. मग बाहेरचा बाक हसला. कंपाउंडर हसत हसत बाटल्यांच्या कपाटामागे गेला. शशिकांतला वाटलं, जमीन दुभंगली नाही तरी चालेल, निदान लाईट तरी जावेत. लाज त्याच्या कानापर्यंत चढली. एरवी ती गालावर दिसली असती, पण तिथे जागा नव्हती.

देऊ मात्र हसली नाही. तिला ह्यात हसण्यासारखं काही दिसेना. इतका वेळ ती ह्या टायवाल्याला मनातल्या मनात सायबच म्हणत होती. आता तिने त्याला नीट पाहिलं.

"कशी गिलतोस रं, पोरा?" तिने विचारलं. "दाखव बरां."

डॉक्टरांनी हसू पुसत पट्टीतून एक गोळी काढून पुढे केली. कंपाउंडरने पेला दिला. शशिकांतने गोळी जिभेवर ठेवली आणि सवयीने मान मागे टाकली.

"त्याच चुकला," देऊ म्हणाली. "कोंबड्यावानी मान वर करतोस. मान वर केली का नरडा आवलतं, मंग जाल कशी? गाय कशी पानी पिते? खाली बघून. तू पन खाली बघ. हनवटी छातीला लाव. पानी तोंडान घे आनी खालीच बघत गिल. गोलीचा इचारच करू नको. माझी टोपली बघ, आनी त्यान किती काकड्या हायत त्या मोज."

शशिकांतने हनवटी छातीला लावली. टायची गाठ मध्ये आली, ती बाजूला सारली. पडद्याच्या फटीतून टोपली दिसत होती. एक, दोन, तीन, एक वाकडी, पाच. पाणी घशाखाली गेलं. त्याने जीभ टाळूवरून फिरवली. गोळी कुठेच नव्हती. त्याने पुन्हा फिरवली, मग गालांत शोधली, मग पेल्यात पाहिलं.

"गेली," तो म्हणाला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने हा शब्द इतक्या नवलाने म्हणावा, हे बघून कंपाउंडरसुद्धा हसायचा थांबला.

"सात होत्या," देऊ म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

डॉक्टर टेकचंद आता हसत नव्हते. ते कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होते. मग उठले, पडदा एका हाताने सारला आणि बाकाला विचारलं, "इधर किसने गोली कूट के खाई है? सच बोलो."

बाकावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. मग एका सिंधी आजीने पदराआडून हात वर केला. "मुंह खुलता नहीं था, डॉक्टर. दूध में घोल के दिया बहू ने." तिच्या शेजारी मोरिवलीचा एक कामगार बसला होता, गाल तस्साच, तो म्हणाला की बायकोने पेजेत कुटून घातली, कारण अख्खी गोळी टाक्यात अडकेल अशी तिला भीती वाटली. अंबरनाथच्या एका बाईंनी खलबत्ता वापरला होता. एकाने चावून खाल्ली होती आणि चव वाईट असल्याची तक्रार आत्ता, ह्या निमित्ताने, करून घेतली. सातांतल्या पाचांचे हात वर होते, आणि ज्यांचे हात वर होते त्यांचे गालही वर होते.

"मी सगळ्यांना सांगितलं होतं, पूरी गिळायची," डॉक्टर म्हणाले.

"बोळा होता ना तोंडात," अंबरनाथच्या बाई म्हणाल्या. "बोळा असताना माणूस कशालाही मान हलवतो."

डॉक्टर पडदा सोडून आत आले. आपल्या दहातल्या नऊ पेशंटांचं काय झालं असेल, ते त्यांच्या ध्यानात येत होतं. मग शशिकांतकडे वळून म्हणाले, "दोन दिवस देतो. गिळून बुधवारी ये. मध नाही, काही नाही."

शशिकांत घरी आला तेव्हा सहाण ओली होती आणि मधाची बाटली उघडी. त्याने आईला बसवलं आणि सगळं सांगितलं. पैज, महिनाअखेर, बॅग, काकड्या. कुमुदिनीबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हणजे माझ्या उगाळण्यानं तुझी नोकरी जात होती," त्या म्हणाल्या.

"तसं नाही, आई."

"तसंच आहे."

त्या उठल्या. सहाण धुतली, पुसली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवली. शशिकांतला त्यांची फार दया आली, आणि आपल्याला आईची दया येते ह्याची लाजही वाटली. चोवीस वर्षं ह्या बाईने न कंटाळता, न चुकता आपल्यासाठी उगाळलं, आणि आपण पाच मिनिटांत, एका टोपलीकडे बघत, तिला ह्या कामातून मोकळं केलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण तोंड एक बोटच उघडत होतं, आणि पूर्ण उघडलं असतं तरी काय बोलला असता कोण जाणे.

संध्याकाळच्या गोळीच्या वेळी त्या त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. उजवा हात वर, धपाट्याच्या तयारीत. शशिकांतने हनवटी छातीला लावली. समोर टोपली नव्हती, म्हणून त्याने फरशीचे तुकडे मोजले.

"गेली?"

"गेली."

"नक्की? बोलून दाखव काहीतरी."

"सर, छत्री महत्त्वाची," तो म्हणाला. मग त्यांनी हात खाली घेतला. पुढचे दोन दिवस प्रत्येक गोळीला त्या तशाच उभ्या राहिल्या.

बुधवारी गाल उतरला. पुरता नाही, पण डोळा दिसायला लागला आणि तोंडात दोन बोटं जाऊ लागली. आता ही सूज गोळीने उतरली, की सहाव्या दिवशी उतरायचीच म्हणून उतरली, हे त्या गालालाच माहीत. डॉक्टर टेकचंदना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी मधल्या दोन दिवसांत बाकावरच्या पाचही जणांना नव्या पट्ट्या देऊन, समोर बसवून, हनवटी खाली करून गोळी गिळायला लावली होती, आणि पाचांतले चार गाल बुधवारी खाली आले होते. त्यांनी शशिकांतसमोर चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं, पहिल्या चिठ्ठीवर शोथोझाइम लिहिलं आणि ड्रॉवरमधून एक नवा रबरी शिक्का काढून त्याखाली ठोकला. शिक्का कॅम्प पाचमध्येच तासाभरात बनवून घेतला होता. वर सिंधीत, खाली मराठीत: अख्खी गिळणे. उगाळू नये, कुटू नये, चावू नये. खाली बघून गिळणे.

"पुस्तक पुढच्या वेळेला आण," डॉक्टर म्हणाले. "आणि त्या छत्रीच्या पानावर तुझ्या आईची सहाण पण काढ. त्याच्याशिवाय कोणाला समजणार नाही."

शशिकांत बाहेर आला. देऊ समोर बसली होती. त्याने तिच्याकडून सगळ्या काकड्या घेतल्या आणि गोळीबद्दल पहिल्यांदाच, इंग्रजीचा एक शब्द न घालता, कुणाचे तरी आभार मानले. देऊने वाकडी काकडी बाजूला काढून त्याला वर दिली.

घरी त्याने आईच्या हातात काकड्या दिल्या आणि सांगितलं, नोकरी राहिली. कुमुदिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. परत येऊन काकड्या धुवायला घेतल्या, आणि नळ चालू असतानाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "बदलापूरच्या त्या मुलीच्या वडिलांना कळव. रविवारी येतो म्हणावं."

"तिचं नाक तुला आवडलं नव्हतं ना?"

"नाकाला काय झालंय?" त्यांनी नळ बंद केला. "मला एकच घोर होता. मी गेल्यावर तुला औषध कोण उगाळून देणार? हल्लीच्या मुली सहाणेला हात तरी लावतात का? एकीच्याही हाताला ती सवय दिसेना." त्यांनी पदराने हात पुसले, आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला. "आता गिळतोस ना तू. मग कुठलंही नाक चालेल."